सोमवारचं कुलूप

दाग्नी पाल्मक्विस्टला तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. नाव ठाऊक नसेल, पण गेल्या चाळीस वर्षांतला आमच्याकडचा कुठलाही सिनेमा लावा. दार उघडून "बसा, डॉक्टर येताहेत" म्हणणारी नर्स, दुकानाच्या रांगेत नायिकेच्या मागे उभी असलेली बाई, जंगलात बोरं तोडायला गेल्यावर प्रेत पाहून किंचाळणारी बाई, ही सगळी दाग्नीच. किंचाळण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका वर्षात तिला तीन प्रेतं सापडली, तेव्हा मी तिला म्हणालो होतो, "अगं, जरा घरात बस, म्हणजे माणसं मरायची तरी थांबतील."

मला असं बोलायचा हक्क आहे. हेर्नेसांदच्या फिरत्या नाटकमंडळीची बस मी सत्तावीस वर्षं चालवली आणि ती सगळी वर्षं दाग्नी माझ्या मागच्या सीटवर बसून होती. बसमध्ये पार मागे बसलं की तिला मळमळायचं. बर्फातल्या लांब रस्त्यांवर ती संत्रं सोलायची आणि एकेक फोड खांद्यावरून पुढे माझ्या हातात द्यायची. बोलणं बेताचंच. आभार आमच्याकडे उठता-बसता मानतात, साधं दूध घेताना दुकानात चार वेळा. पण खऱ्या गोष्टीचे आभार मानायचे म्हटलं की आमची जीभ जड होते. त्या संत्र्यांबद्दल मी तिला एकदाही काही म्हणालेलो नाही.

ती वरच्या ओंगरमान नदीकाठची. बाप लाकडाच्या गिरणीत करवतीवर, आई गिरणीच्या खानावळीत. एकोणिसाव्या वर्षी ती नाटकमंडळीत आली ती दारावर तिकिटं फाडायला. एका नटीला गालगुंड झालं आणि हिच्या हातात चहाचा ट्रे देऊन हिला रंगमंचावर ढकललं. वाक्यं तीन. तो ट्रे पुढे तिच्या हातातून कधी सुटलाच नाही. मुख्य भूमिका मिळणाऱ्या बायका यायच्या, चमकायच्या, स्टॉकहोमला जायच्या. दाग्नी राहायची. प्रकाशयोजना करणाऱ्या एका माणसाशी चार वर्षं संसार केला. तो गोथेनबर्गला दिवे लावायला गेला तो तिकडेच राहिला. मूलबाळ नाही.

नाटक नसेल तेव्हा ती नगरपालिकेच्या घरसेवेत जायची. म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं. "दोन्ही कामं सारखीच आहेत," ती म्हणायची. "जायचं, दुसऱ्याला उभं करायचं आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत निघायचं."

आता आम्ही एकाच इमारतीत राहतो. ती तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. माझी बायको माउद जाऊन अकरा वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ते घट्ट, गुडघ्यापर्यंतचे मोजे दिले. ते मोजे माणसाला स्वतःला घालता येत नाहीत, वाकताच येत नाही तर घालणार काय! घरसेवेची बाई मिळायला वेळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दाग्नी दारात. "पाय दे," म्हणाली. आधी कॉफीच्या थर्मासला हात लावून तळवे गरम करायची. मग मोजा टाचेपर्यंत उलटा करून बोटांवर चढवायची, टाच बसवायची आणि सावकाश वर ओढत न्यायची. शेवटी गुडघ्यावर दोनदा थोपटायची. सहा आठवडे, रोज. सातव्या आठवड्यात मला जमायला लागलं आणि ती यायची थांबली. मला जमलं नसतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं, पण हे काय सांगायची गोष्ट आहे?

मग तो सिनेमा आला. मरायला टेकलेल्या बापाकडे मुलगी परत येते, अशी काहीतरी गोष्ट. दाग्नी त्यात घरसेवेची बाई. एकूण नऊ मिनिटं. त्यातल्या एका प्रसंगात शब्दच नाहीत. म्हातारा पलंगाच्या कडेला बसलाय, ती थर्मासला तळवे लावते, मोजा चढवते, गुडघ्यावर दोनदा थोपटते. बस्स. आणि अख्खं थिएटर श्वास रोखून बसलेलं. हे मी सांगू शकतो, कारण मी तो सिनेमा तीनदा पाहिला. इथे नाही, सुंड्सवालला बसने जाऊन पाहिला. इथल्या थिएटरात तिकिटं देते ती आमच्या तळमजल्यावरच्या गुनब्रिटची बहीण. गुनब्रिटला कळलं म्हणजे जिन्याला कळलं. आणि पडद्यावरचा पाय त्या नटाचा असला तरी तो माझा पाय होता, हे मला माहीत होतं. तीन वेळा मी अंधारात बसून रडलो आणि घरी येऊन दाग्नीला म्हणालो, "आज थंडी जरा कमी आहे."

तिनेही विचारलं नाही, पाहिलास का म्हणून. विचारणं म्हणजे कौतुक मागणं, आणि कौतुक मागणारा माणूस आमच्या गावात पुन्हा तोंड दाखवू शकत नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रेडिओवर नावं सांगितली. सोन्याचा भुंगेरा, आमच्या देशातलं सिनेमाचं सगळ्यात मोठं बक्षीस. सहाय्यक अभिनेत्रीसाठी चार नावं, त्यांत दाग्नीचं. वय वर्षं एकोणसत्तर.

इमारतीत सन्नाटा. म्हणजे सगळ्यांनी ऐकलं होतं आणि कोणीच काही बोलत नव्हतं, हीच आमची रीत. पहिल्या मजल्यावरचा मास्तर जिन्यात तिला म्हणाला, "हं, रेडिओ ऐकला." याहून मोठं अभिनंदन त्याने त्याच्या मुलीच्या लग्नातही केलं नव्हतं. एकटी गुनब्रिट सरळ विषयावर आली. ती सोसायटीची अध्यक्ष. धुण्याच्या मशीनच्या फिल्टरमधला कचरा काढा, पायपुसणी झटका, अशा चिठ्ठ्या लावणं हे तिचं जीवनकार्य.

"समारंभाला दोन खुर्च्या मिळतात म्हणे तिला," गुनब्रिट मला टपालपेट्यांपाशी गाठून म्हणाली. "एक तिची. दुसरीवर कोण बसणार?"

"मला काय विचारतेस? तिला विचार."

"ती सांगतेय होय! तू जाणार असशील."

"मला कशाला नेईल ती?" मी म्हणालो आणि पत्रं नसलेली पेटी पुन्हा एकदा उघडून पाहिली.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. त्या दुसऱ्या खुर्चीवर मला बसायचं होतं. आयुष्यात मी फार काही मागितलेलं नाही, पण हे मला हवं होतं. सत्तावीस वर्षं ती माझ्या मागे बसली. एकदा, एकच संध्याकाळ, मला तिच्या शेजारी बसायचं होतं. आणि तिने विचारल्याशिवाय ते होणार नव्हतं. आपणहून "मी येतो" म्हणायचं म्हणजे तिच्या पानातला घास उचलण्यासारखं.

आता कुलपाचं सांगतो. आमच्या तळघरात धुण्याची खोली आहे, सगळ्या घरांची मिळून एक. भिंतीवर फळी, फळीवर तारखा आणि वेळा, प्रत्येक वेळेला एक भोक. प्रत्येक घराचं एक छोटं पितळी कुलूप, त्यावर घराचा नंबर. ज्या भोकात कुलूप बसवलं ती वेळ तुमची. मग राजा आला तरी त्याला थांबावं लागतं. दुसऱ्याच्या कुलपाला कोणी हात लावत नाही, आणि आपली वेळ लावून न वापरणारा माणूस म्हणजे काय लायकीचा ते सगळ्यांना कळतं. माझं कुलूप नाताळानंतर मी जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारी बसवलं होतं, संध्याकाळी पाच ते नऊ. तो बक्षिसाचा दिवस निघाला.

काढून दुसऱ्या दिवशी लावायला कितीसा वेळ लागतो? एक मिनिट. मी खाली गेलोही. कुलपावर हात ठेवला. आणि माझ्या मनात आलं, सोमवार मोकळा केला तर फळीकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला कळणार, हा म्हातारा आमंत्रणाची वाट बघतोय. आणि आमंत्रण नाही आलं तर?

मागून गुनब्रिट. "काय रे, सोमवार बदलतोयस? काही कार्यक्रम?"

"छे! कुलूप सैल झालंय का बघत होतो."

"झालंय?"

"नाही."

कुलूप जागेवर राहिलं.

गुरुवारी दाग्नीने कॉफीला बोलावलं. वेलदोड्याचे पाव केले होते, जरा करपलेले. खिडकीतला नाताळचा तारा अजून काढला नव्हता. एरवी तेरा तारखेला, आमचा नाताळ संपतो तेव्हा, तो पेटीत गेलेला असायचा. ती दमलेली दिसत होती. रोज कुठला ना कुठला वार्ताहर फोन करून तेच विचारायचा: इतकी वर्षं छोट्या भूमिका केल्याचं वाईट वाटतं का?

"मग काय सांगतेस?"

"सांगते, ट्रे जड नव्हता." तिने पाय स्टुलावर घेतले. "मला झोप हवी आहे एव्हर्ट. बक्षीस कोणाला हवंय? नाटकाच्या कोठीतून एक निळा झगा काढून दिलाय त्यांनी. आत कोणा राणीचं नाव शिवलंय. बूट चावतात."

"जा गं. जेवण तरी चांगलं असेल."

"हं." तिने कपातली कॉफी हलवली, साखर नसताना. "तुझा सोमवार भरलेलाच असेल ना."

इथे मी चुकलो. मूग गिळून बसायची सवय, दुसरं काय! मला वाटलं, ती मला सुटका देते आहे. तुला यायची गरज नाही, असं सभ्यपणे सांगते आहे. "माझं काय," मी म्हणालो, "नेहमीचंच."

"हो ना," ती म्हणाली आणि करपलेला भाग चाकूने खरवडायला लागली.

सोमवारी सकाळी तिची बॅग मी स्टेशनवर नेली. बर्फावर ढकलायची घसरगाडी, तिच्या पुढच्या बैठकीवर बॅग, मागे मी. उजाडायच्या बेतात होतं. फलाटावर ती म्हणाली, "तू जा आता. पाय गार पडतील. आणि पाच वाजता तुला धुणं आहे."

"आहे," मी म्हणालो. हिला कसं माहीत, हा प्रश्न मला पडलाच नाही. फळी सगळ्यांनाच दिसते.

गाडी आली. डब्याच्या पायरीवर ती एकदा थांबली, काहीतरी बोलणार असल्यासारखी. मीही तोंड उघडलं. "दार बंद होतंय," मी म्हणालो.

पाच वाजता मी धुण्याच्या खोलीत होतो. धुवायला काही नव्हतं. मी एकटा माणूस, माझं मळतं किती? पण वेळ लावली आहे म्हटल्यावर मशीन चालायला हवं. कपाटातल्या चार धुतलेल्या चादरी काढून आणल्या आणि त्या धुवायला टाकल्या. एक प्लास्टिकची खुर्ची ओढून समोर बसलो, काचेतून पांढरं पाणी बघत.

आठ वाजता वर येऊन टीव्ही लावला. चौघींचे तुकडे दाखवले. तिच्या वेळी तोच प्रसंग: थर्मास, तळवे, मोजा, दोनदा थोपटणं. मग कॅमेरा तिच्यावर. राणीचा निळा झगा. आणि शेजारी एक पन्नाशीचा, दाढी नीट कापलेला माणूस. तो वाकून तिच्या कानात काहीतरी बोलला आणि ती हसली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अच्छा! म्हणजे होता कोणीतरी. सिनेमातला असणार. साहजिकच आहे, बस ड्रायव्हरला घेऊन कोण जाईल? मी टीव्हीला उद्देशून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नाव दुसरीचं निघालं. तिशीतली मुलगी, चांगली होती, खोटं कशाला बोलू. टाळ्या वाजवायला सगळ्यात आधी दाग्नीचे हात वर गेले. पाठ ताठ, हातात ट्रे असल्यासारखी. ते तेवढं मला बघवलं नाही. ती दुसऱ्याला उभं करून पुन्हा लक्षात यायच्या आत बाजूला झाली होती.

खाली गेलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. माझ्या चादरी बाहेर काढून, घडी घालून टोपलीत ठेवलेल्या. वर गुनब्रिटची चिठ्ठी: "नऊ म्हणजे नऊ." आणि खाली, वेगळ्या पेनाने: "तिला मिळायला हवं होतं."

मंगळवारी दुपारी ती आली. तीन वाजले होते आणि दिवस संपला होता. बूट चावून चावून टाचा सोलल्या होत्या, फलाटावरून चालवेना. मी घसरगाडीकडे बोट दाखवलं. एरवी तिने मला वेड्यात काढलं असतं. त्या दिवशी मुकाट्याने बैठकीवर बसली, बॅग मांडीवर घेतली. चढावर माझा खुबा कुरकुरत होता. दुकानाच्या दारातले लोक बघत होते आणि नेहमीप्रमाणे काही बोलत नव्हते.

"कोण होता तो?" चढ संपल्यावर मी विचारलं. श्वास लागल्यामुळे आवाज रागावल्यासारखा आला. तसा मी रागावलेलोच होतो.

"कोण?"

"दाढीवाला."

"तो? आयोजकांपैकी कोणीतरी. खुर्ची रिकामी राहिली की टीव्हीवर वाईट दिसतं, म्हणून बसवलं त्याला. बिचारा सारखा विचारत होता, बाथरूमला जाऊ का, कॅमेरा इकडे येईल का." ती जरा हसली. "तीन तास धरून बसला."

मी गाडी थांबवली. "खुर्ची रिकामी का होती?"

"आधी घरी चल," ती म्हणाली. वर तिच्या स्वयंपाकघरात गेल्यावर बूट काढले, बॅग उघडली आणि टेबलावर एक जाड पांढरं कार्ड ठेवलं. खुर्चीच्या पाठीला लावतात तसं, कोपऱ्याला चिकटपट्टी अजून होती. त्यावर छापलं होतं: एव्हर्ट मोलीन.

"पहिल्याच दिवशी फोनवर विचारलं त्यांनी, सोबत कोण. मी तुझं नाव दिलं," ती म्हणाली. "मग तुला विचारायचं म्हणून खाली उतरले. तू घरात नव्हतास, म्हणून तळघरात बघायला गेले. तर सोमवारी तुझं कुलूप."

"कुलूप!"

"आता तुझं धुणं मोडायला कसं सांगणार होते मी? तरी गुरुवारी विचारलं. तू म्हणालास, नेहमीचंच. मग त्यांना नाव काढायला फोन करायचा होता, पण केला नाही. म्हटलं, शेवटच्या क्षणी आलाच तर."

"दाग्नी," मी म्हणालो, "मी काय धुतलं माहीत आहे? धुतलेल्या चादरी."

ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते नुसतंच पाणी राहिलं. "गाढवा," ती म्हणाली, "सत्तर वर्षांच्या गाढवा."

"बहात्तर. आणि सिनेमा मी तीनदा पाहिला. सुंड्सवालला जाऊन."

"मला माहीत आहे. बसच्या ड्रायव्हरने सांगितलं. तो पूर्वी तुझ्या हाताखाली होता ना."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

खिडकीतला तारा अजून तसाच होता. मी उठून त्याची वायर काढली, हाताला काहीतरी काम म्हणून.

"पुढच्या वेळी," मी म्हणालो.

"कुठली पुढची वेळ, एव्हर्ट?" ती थकलेल्या आवाजात म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. "मी एकोणसत्तर वर्षांची आहे. आता मला प्रेतंसुद्धा सापडत नाहीत, जंगलात चालवत नाही." तिने सोललेल्या टाचा चोळल्या. "मला बक्षिसाचं काही वाटलं नाही, खरं सांगते. तो माणूस कानात बोलायला वाकला की प्रत्येक वेळी वाटायचं, तू असतास तर संत्रं मागितलं असतंस."

मी कार्ड खिशात घातलं. ते आता माझ्या फ्रिजवर आहे. कोणी विचारलं तर सांगतो, नाव बरोबर छापलंय म्हणून ठेवलंय. मला खरंच वाईट वाटतं, आणि ते जाणार नाही. त्या संध्याकाळी ती खुर्ची माझी होती आणि मी तळघरात काचेतून चादरी बघत बसलो होतो.

निघताना तिने दारात अडवलं. "दोन तारखेला, सोमवारी, पाच वाजता माझी वेळ आहे. तुझंही धुणं आण. दोघांचं मिळून मशीन भरेल."

"एका वेळेला एकच घर, असा नियम आहे. गुनब्रिट चिठ्ठी लावेल."

"लावू दे."

"आणि माझ्या चादरी स्वच्छ आहेत, दाग्नी."

"मग तशाच आण."

दोन तारखेला पाच वाजता मी चादरी बगलेत मारून खाली गेलो. खिशात दोन संत्री होती. दाग्नी आधीच येऊन मशीनसमोर बसली होती, पाय लांब करून. शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तिने साबणाचा डबा ठेवून जागा धरली होती.